नावानिशी आलेला मेल

"हात लावू नका, बाबा," सून म्हणाली, आणि सासऱ्यांनी माउसवरचा हात चटका बसल्यासारखा उचलला.

मेल ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपनीचा होता. निदान तसं म्हणत तरी होता. ग्रंथालयाने पाठवलेली रक्कम येऊन थांबली आहे, आज संध्याकाळपर्यंत होकार द्या, नाहीतर पैसे परत जातील. सासरे पुस्तकं बांधायचे. मागच्या खोलीत पुठ्ठे, सुया, डिंकाचा डबा, असा सगळा त्यांचा संसार. ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांचा मोठा गठ्ठा त्यांनी नुकताच बांधून दिला होता, आणि त्या पैशांतून नातीची कॉलेजची फी भरायची होती.

आता नातीची फी आजोबांनी का भरावी? तर सूनबाईंची कृपा.

मागच्या महिन्यात असाच एक मेल तिला आला होता. 'प्रिय ग्राहक, आपलं खातं बंद होत आहे.' तिने घाईघाईत लिंक दाबली, पासवर्ड दिला, आणि फीसाठी साठवलेले पैसे डोळ्यांदेखत गेले. बरं, ही बाई कोण? ऑफिसच्या भिंतीवर 'अनोळखी लिंक दाबू नये' ही सूचना स्वतःच्या हाताने चिकटवणारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान! नवरा आठवडाभर धड बोलला नाही. लेक नुसतं "आई, तू पण ना" म्हणाली, तेच जास्त झोंबलं. सासऱ्यांनी मात्र बोल लावला नाही. होतं असं, म्हणाले, आणि माझे ग्रंथालयाचे पैसे आले की फीला घ्या म्हणाले. त्या चांगुलपणाने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना वाढतानाही तिची मान वर होईना.

कारण ह्याच माणसावर ती इतकी वर्षं वैतागत आली होती. एक काम सांगितलं की शंभर प्रश्न. हे बटण कशाचं, ते कशाला दाबायचं, दाबलं नाही तर काय होईल. ह्या कंपनीतलं त्यांचं खातंसुद्धा तिनेच उघडून दिलं होतं, ऐन ऑफिसला निघायच्या घाईत. दर रकान्याला यांची एक शंका. शेवटी तुम्ही गप्प बसा, मीच भरते, म्हणून तिने सुचेल ते टाकून कसंबसं उरकलं. राहिलेलं नंतर नीट करू म्हणाली, आणि ते नंतर काही उजाडलं नाही.

तर आज भरपाई करायची संधी आयती चालून आली होती. हात पोळल्यापासून तिने खऱ्या-खोट्या मेलची लक्षणं तोंडपाठ केली होती. ती बाह्या सरसावून बसली. पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला, बरोबर होता. रक्कम बरोबर होती. भाषाही स्वच्छ. सासरे शेजारी स्टुलावर बसून सुईत दोरा ओवत होते.

मग तिने मेलची अगदी वरची, पहिली ओळ वाचली आणि फस्सकन हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच.

'प्रिय कटकटे म्हातारबुवा,'

शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे वाटले, पण कटकट काय, घरोघरी असते. सापडला चोर, ती म्हणाली. मग तिने सासऱ्यांना समजावून सांगितलं की खरी कंपनी खात्यावरच्या नावानेच लिहिते. चोराला नाव ठाऊक नसतं, म्हणून तो ग्राहक-बिहक म्हणतो. हा तर चक्क थट्टा करतोय.

नावाचं एवढं काय, खात्यातच जाऊन बघू की, असं सासरे हळूच म्हणाले. तिने साफ नकार दिला. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकूनच पिणार. आज काही म्हणजे काही उघडायचं नाही.

"तुम्हाला कोणी म्हणतं का असं, बाबा?"

"तोंडावर कोणी नाही म्हणत," ते म्हणाले.

तिने मेल पुसून टाकला. ग्रंथालयातल्या बाई पैसे पाठवले की आपल्याकडे बघून गालातल्या गालात हसतात, असं काहीतरी सासरे मध्येच बोलले. म्हातारपणी माणूस कुठला विषय कुठे नेतो, असं तिच्या मनात आलं, आणि तिने नुसतं हं केलं. जेवताना तिने सगळ्यांना चोराची गोष्ट रंगवून सांगितली. नवरा हसला, लेक हसली. सासरेही हसले, जरा उशिरा.

दोन दिवसांनी ग्रंथालयातून फोन आला. पैसे परत आले होते. वर्षाचा हिशेब मिटला, आता पुढच्या वर्षीच पाठवता येतील, असं त्या बाई म्हणाल्या. फीची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती.

सूनबाईने फोन खाली ठेवला. पुन्हा तेच, आणि पुन्हा तिच्याच हाताने. आता कुठल्या तोंडाने नवऱ्याला सांगायचं? लेकीला काय सांगायचं? लाजेने तिचे कान तापले, आणि मग त्या लाजेचाच संताप झाला. मेल खरा होता ना? मग त्या कंपनीने असं लिहावंच का? त्या नावानेच तर घात केला. ती तडक संगणकापाशी गेली आणि तक्रार लिहायला घेतली. 'आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा असा अपमान करताना तुम्हाला लाज कशी वाटली नाही?'

सासरे मागच्या खोलीतून हात पुसत आले. त्यांनी ओळ वाचली आणि कळफलकावर आडवा हात ठेवला.

"नको पाठवूस."

"का म्हणून? तुम्हाला काहीच वाटत नाही का हो, बाबा?"

"पहिल्यांदा वाटलं होतं," ते म्हणाले. "तू खातं उघडून दिलंस ना, त्या दिवशी. तेव्हापासून ते मला ह्याच नावाने लिहितात."