एका बोंडाचं सीतादही

बोथच्या आरोग्य शिबिरात बयनाबाईच्या शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. “महिन्याच्या आत नागपूरला दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या,” डॉक्टरांनी चिठ्ठी देत बजावलं, “कॅन्सरही लवकर सापडला तर बरा होतो.” तिचा हेका एकच, “सीतादही झाल्याबिगर जात नाई.” घरच्या बाईनं शेतात दहीभात शिंपल्याशिवाय कापूस वेचायचा नाही, अशी रीत. बोंडं फुटायला अजून दीड महिना. आज दहीभाताची वाटी घेऊन नवऱ्यानं तिला शेतात नेलं. “अवो, सारी बोंडं हिरवी हायेत!” “हे एक नाई.” बांधालगत एकच उमललं होतं. “चार दिवस शोधून राह्यलो.” “एका बोंडासाठी सीतादही? गाव हासन आपल्याले!” “हासू दे. तुयी रीत झाली, बाकीचं मी वेचतो.” तिनं दहीभात शिंपला, बोंड वेचून त्यानं पुढं केलेल्या चिठ्ठीत गुंडाळलं आणि विचारलं, “नागपूरची गाडी कितीची?”