लाल गोळी

"गिळली गो. आता काय आ करून दाखवू?" अप्पा गॅलरीतून आत आले आणि रिकामा पेला त्यांनी सुनेच्या हातात दिला.

दुर्गा हसली. सासऱ्यांचं हे रोजचंच. लाल गोळी हातावर पडली की चाळीच्या गॅलरीत जायचं, घोटभर पाण्याबरोबर ती घ्यायची आणि उरलेलं पाणी डब्यातल्या कढीपत्त्याला घालायचं. "गंजका खिळा चाटल्यासारखं लागतं. वर पोट गच्च," असं कुरकुरायचं. जन्मभर चिंचपोकळीला वर्कशॉपात फिटर होते. खिळ्याची चव त्यांनाच ठाऊक.

हृदयाच्या दुखण्यानंतर रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांच्या मागे कायमची लागली होती. त्या गोळीनेच अंगातलं रक्त कमी झालं, म्हणून डॉक्टरांनी ही लाल, लोहाची दिली.

"आधी पातळ करा, मग कमी झालं म्हणून बोंबला," अप्पा म्हणाले होते.

डॉक्टर हसले नाहीत. "त्या पहिल्या गोळीने पोटात रक्तस्राव होतो कधीकधी. संडास काळी झाली तर तसेच धावत या."

आणि झालीच काळी, डांबरासारखी. दुर्गाच्या काळजात धस्स झालं. माहेरी तिला बाप नव्हता. अप्पांनीच तिला लेक मानलं होतं. तिने दवाखान्यात फोन लावला.

"लोहाची गोळी रोज घेतात ना?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"मी स्वतः हातावर ठेवते."

"मग तिनेच होते काळी. घाबरू नका."

दुर्गाचा जीव भांड्यात पडला.

अप्पा मात्र पांढरेफटक पडत चालले. जिना चढताना मधेच बसायचे. "रक्त भरायला वेळ लागतो," असं म्हणत दुर्गा सकाळी पुन्हा दोन्ही गोळ्या द्यायची. कढीपत्ता तेवढा माजला होता. शेजारच्या कमलाबाई फोडणीला पानं खुडताना म्हणाल्या, "अप्पा, झाड बाळसं धरतंय नि तुम्ही वाळताय."

आज चहा घेऊन अप्पा पुन्हा आडवे झाले. डबा मुळांनी फुगला होता, म्हणून दुर्गाने मोठी कुंडी आणली होती. उठल्यावर अप्पा खूश होतील, या विचाराने तिने बुंध्याशी खुरपं घातलं.

माती लालसर निघाली. वरच्याच थरात सकाळची लाल गोळी होती, अजून अख्खी. तिच्याखाली कालची, फुगलेली. त्याखाली विरघळलेल्या गोळ्यांचा लगदा, थेट डब्याच्या तळापर्यंत. अप्पांच्या पोटात एकही गेली नव्हती.