टेबलावरचे सर

बलून फुगवून दोन मिनिटं झाली आणि टेबलावरचा पेशंट म्हणाला, "बास. कॉइल सोड."

पेशंट शुद्धीत होता, कारण या कामाला मांडीपाशी तेवढं बधिर करतात. आणि कॉइल म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं, कारण पेशंट म्हणजे खुद्द हृदयरोग विभागाचे प्रमुख होते. उभ्या आयुष्यात सरांनी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. आडवं झाल्यावरही सवय सुटली नव्हती.

कॅथेटर, म्हणजे मांडीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी, धरून उभी होती विभागातली सगळ्यात ज्युनियर डॉक्टर. तिला सगळे गोगलगाय म्हणत. नाव सरांनीच ठेवलेलं, त्यामुळे ते लगेच रूढ झालं. विभागात चार सीनियर होते, चौघेही सरांच्या तालमीतले, सरांइतकेच चपळ. तरी सरांनी स्वतःची केस गोगलगायीच्या गळ्यात टाकली. वयापरत्वे माणूस विक्षिप्त होतो, यावर चौघांचं एकमत झालं. त्यालाही त्यांना वेळ लागला नाही.

सरांच्या हृदयात जन्मापासून एक चोरवाट होती. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीतून ती फुटायची आणि थेट उजव्या कप्प्यात उघडायची. स्नायूच्या वाट्याचं रक्त परस्पर पळवलं जायचं. साठ वर्षं हे खपून गेलं, आता एक जिना चढला की धाप लागत होती. उपाय असा, की कॅथेटर त्या वाटेत न्यायचा आणि तारेचं एक छोटं वेटोळं, म्हणजे कॉइल, सोडून वाट बुजवायची. फक्त त्याआधी कॅथेटरच्या टोकाचा बलून फुगवून वाट तात्पुरती अडवायची आणि दहा मिनिटं ईसीजीवर डोळा ठेवायचा. चोरवाटेतूनच एखादी बारीक फांदी स्नायूकडे जात असेल, तर तीही अडते आणि ईसीजी बोंब मारतो. कॉइल सोडून झाल्यावर त्या बोंबेचा फारसा उपयोग नसतो.

पुस्तकात दहा मिनिटं होती, सरांच्या विभागात दोन. "दोन मिनिटांत जे दिसत नाही ते नसतंच," असं सर म्हणत, आणि सर म्हणत म्हणजे ते शास्त्रच झालं. त्यात कुणाचं बिघडल्याची नोंदही नव्हती. महिन्याभराने कुणी छाती धरून परत आलाच, तर केसपेपरवर 'वय' किंवा 'धूम्रपान' असं कारण लिहायची उत्तम सोय होती.

"तीन झाली, सर," ती म्हणाली. "अजून सात."

काचेपलीकडे शिकाऊ पोरं दाटीवाटीने उभी होती. चौघे सीनियर अर्थातच पुढे. स्पीकर चालू होता.

"तुला कायम करायचा कागद माझ्या खोलीत पडलाय," सर छताकडे बघत म्हणाले. "दहा मिनिटं थांबायची हौस असेल तर तो फाडून ये आणि मग थांब."

काचेपलीकडे कुणीतरी हसलं. पाच वर्षं ती दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून घेत होती. आईने तर मुलगी कायम झाल्याचं सगळ्या नातेवाइकांना आधीच कळवून टाकलं होतं. कॉइल सोडली असती तर सर खूश, चौघे खूश, आई खूश. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"चार," ती म्हणाली.

पाचव्या मिनिटाला सरांनी तिची अक्कल काढली. सहाव्याला पदवी, सातव्याला ती देणारं कॉलेज. आठव्या मिनिटाला त्या कॉलेजच्या प्राचार्यांवर आले असताना ते मधेच थांबले.

"छातीत आवळतंय," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. कुठल्याही पेशंटने म्हणावं तसं.

ईसीजीची रेषा खाली बसली होती. तिने बलून रिकामा केला, तशी रेषा हळूहळू जागेवर आली. तिने पुन्हा डाय, म्हणजे एक्स-रेत वाहिन्या दाखवणारं औषध, सोडून पाहिलं. केसाएवढी एक फांदी बलूनच्या खालून स्नायूकडे जात होती. कॉइल तिथे सोडली असती, तर सरांना तिथल्या तिथे हार्ट अटॅक आला असता. कॅथेटर तिने फांदीच्या पलीकडे नेला, बलून परत फुगवला आणि परत पहिल्यापासून दहा मिनिटं मोजली. या खेपेला सरांची नजरही ईसीजीवर होती. मग तिने कॉइल सोडली.

"सरांच्या हृदयाची रचनाच असामान्य," चौघांपैकी एक जण पोरांना समजावत होता.

दुपारी ती रिपोर्ट घेऊन सरांच्या खाटेपाशी गेली. नोकरी गेली असं तिने धरूनच ठेवलं होतं.

"चाचणीची वेळ दोन मिनिटं लिही," सर म्हणाले. "पोरं रिपोर्ट वाचतात."

"दहा लिहिलीत, सर. सहीसुद्धा झालीय माझी. कागद फाडायचा असेल तर फाडा."

"तो कालच सही करून वर पाठवला. मी टेबलावरून उतरलोच नसतो, तर तुला कुणी कायम केलं असतं?"

ती खुर्ची ओढून बसली.

"मग तिथे एवढं का ओरडलात?"

"पोरं बघत होती ना."

"आणि सर, चार-चार सीनियर असताना केस मला का दिलीत?"

सरांनी दार बंद आहे ना ते पाहून घेतलं.

"त्या चौघांना मी शिकवलंय."