नखभर चुना

फ्रान्समध्ये येऊन तीन दिवस झाले तरी सासूबाईंनी फ्रान्स काही बघितलं नव्हतं. गाडीतून उतरायचं, सावली गाठायची आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहायचं. गुहा झाली, किल्ला झाला. "आवडलं का हो, आई?" उल्का दरवेळी विचारी. "बरं आहे," एवढंच उत्तर.

सहलीचा बेत उल्कानेच हौसेने आखला होता, म्हणून ते 'बरं' तिला टोचत होतं. शिवाय चूकही तिचीच. लंडनच्या साउथॉलहून आणलेली विड्याची पानं तिने ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली, सुपारी घेतली, कात घेतला. चुन्याची डबी मात्र इंग्लंडमध्ये, रीडिंगच्या घरी किचनमध्येच राहिली. सासूबाई त्यावर चकार शब्द बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

आज टेकडीवरच्या जुन्या गावात, चर्चसमोरच्या बाकावर बसून त्या बोलल्या. "गंमत बघ. डोंगर चुनखडीचा, घरं चुनखडीची, रस्ते पांढरेफटक. आणि माझ्या पानाला नखभर चुना नाही."

चर्चच्या भिंतीपाशी एक म्हातारा गवंडी दगडांच्या फटी बुजवत होता. त्याच्या बादलीत लोण्यासारखा पांढराशुभ्र चुना होता. उल्का उठली, गवंड्यापुढे पान धरलं, बादलीकडे बोट दाखवलं, मग तोंडाकडे. तो घाबरून "नॉन, नॉन!" करू लागला.

उल्काचा नवरा गिरीश धावत आला. "अगं, बिल्डिंगचा चुना आहे तो! आईला पॉयझन करतेस का?"

"तू गप रे." सासूबाई स्वतःच उठून आल्या. करंगळीवर चुना घेतला, चोळून पाहिला, जिभेच्या टोकाला लावला. "खडा नाही. छान मुरलाय."

त्यांनी तिथेच तीन विडे लावले. पहिला गवंड्याला दिला; ज्याचा चुना, त्याचा मान. त्याने भीतभीत चावला, मग जरा जोरात. शेवटी त्यांच्या सिएरा गाडीच्या आरशात स्वतःची लालभडक जीभ पाहून तो पोट धरून हसला.

दुसरा उल्काच्या हातावर ठेवला. तिसरा स्वतःच्या गालात सारला, डोळे मिटले, उघडले. मग पर्स गिरीशकडे दिली आणि सुनेचा हात धरला.

"चल, दाखव आता. काय ते तुझं फ्रान्स."