हवेचं बक्षीस

हवेतली धूळ कमी दिसली, की पालिकेला दिल्लीहून कोटींचं बक्षीस मिळणार होतं. मग काय, अक्कलकोट रोडवरच्या धूळ मोजणाऱ्या मशीनभोवती टँकर सकाळ-संध्याकाळ पाणी फवारू लागला. शहराच्या हवेचं देव जाणे, मशीनला मात्र सर्दी व्हायची वेळ आली. शेजारच्या बोळातली नागूबाई रिकामी घागर कडेवर घेऊन हा थाट बघायची. तिच्या नळाला पाणी चार दिवसांआड. शेवटी तिनं मशीन बघायला आलेल्या पालिकेच्या साहेबांना गाठलंच.

"साहेब, हे मशीन आमच्या बोळात बसवा की."

साहेब हसले. "मावशी, हे हवा मोजायचं मशीन आहे. तुमच्या बोळात कसली आलीय हवा?"



"येती की! नळाला नुसती हवाच येती. मशीन आलं, की मागनं टँकरबी येईल."