काल होल होता तिथे

चेंडूपासून होल आठ पावलं दूर होता. माळीबुवांनी ते अंतर टीव्हीच्या पडद्यावर बोटाने मोजलं आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

"दाजी, आता टीव्हीत शिरताय का?" मेहुणा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. "या एकदा दुकानात. घरचा माणूस म्हणून सूट देतो."

"गप रे. दोन मिनिटं गप."

तीन दिवस गोल्फचे दोन संघ झुंजत होते. आज एकास एक असे बारा सामने होते. अकरा संपले होते आणि बारावा शेवटच्या, अठराव्या होलवर येऊन बरोबरीत अडकला होता. प्रतिस्पर्ध्याने आपला चेंडू आधीच आत घातला होता. आपल्या खेळाडूचा हा एक फटका होलमध्ये गेला तर अर्धा गुण मिळणार होता, आणि तेवढ्यावर करंडक आपला. नाही गेला तर त्यांचा. संघाचं नशीब फिरू नये म्हणून मेहुण्याने तीन दिवस दाढी केली नव्हती. माळीबुवांची बायको उशी पोटाशी घट्ट धरून बसली होती.

माळीबुवांचा जीव मात्र करंडकात नव्हता. तो अडकला होता चेंडूपासून तीन पावलांवरच्या तळहाताएवढ्या गवतात.

काल होल तिथे होता. एकाच जागी पावलं पडून गवत मरू नये म्हणून होल रोज हलवतात. नव्या जागी गोल पात्याने गवतासकट मातीचा गट्टू कापून काढायचा आणि तोच कालच्या होलमध्ये बसवायचा. याच मैदानावर माळीबुवांनी एकतीस वर्षं हे काम केलं होतं. आता ते त्यांची मुलगी करत होती. पहाटे तिचा फोन आला होता.

"बाबा, गट्टू फुटला. दोन तुकडे झालेत."

"बसव जोडून. खाली माती ठासून भर. आणि कणभर उंच ठेव. दिवसभर लोकांचे पाय पडले की बसतो आपोआप."

"आज नाही बसणार. एकास एक सामने आहेत ना? निम्म्यांचा निकाल अठराव्याच्या आधीच लागतो. इथवर येणार किती आणि पाय पडणार किती? उंच ठेवला तर उंचच राहील. मी सपाट ठेवतेय, पट्टी लावून."

"आणि खचला म्हणजे? सगळं जग बघणार आहे."

"नाही खचणार."

"सगळं ठरवलंयसच, मग मला विचारलंस कशाला?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला होता. त्यानंतर तिचा फोन नव्हता. यांनीही केला नव्हता.

पडद्यावर खेळाडू चेंडूमागे उकिडवा बसला. मग उठून चेंडूच्या वाटेच्या कडेकडेने होलपर्यंत चालत गेला आणि परत आला. वाटेत काही उंचसखल दिसलं तर दाबून सपाट करायची त्याला मुभा होती. कालच्या जागेपाशी तो थांबलासुद्धा नाही.

"तिथेच आहे ना हो?" बायकोने हळूच विचारलं. पहाटेचं बोलणं तिने अंथरुणातून ऐकलं होतं.

"असायला तर तिथेच हवा. वाळूच्या खड्ड्याच्या टोकासमोर. काल नीट बघून ठेवलंय मी." माळीबुवांचं नाक पडद्याला लागायचंच बाकी होतं. नव्या गट्टूभोवती बारीक गोल रेघ राहते. त्यांच्या स्वतःच्या कामातही राहायची, आणि ती त्यांना लांबूनही कळायची. आज ती सापडेना.

खेळाडूने चेंडू मारला.

एक पाऊल. दोन. माळीबुवांनी खुर्चीचा हात आवळला. तांदळाएवढा जरी उंचवटा असला तरी चेंडू तिथे थरथरतो आणि वाट सोडतो, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. तिसरं पाऊल. चेंडू थरथरला नाही. तेल सांडावं तसा तो त्या जागेवरून सरकत पुढे गेला, हळू झाला, होलच्या कडेला टेकला, आत डोकावल्यासारखा झुकला आणि बाहेरच राहिला.

"गेला!" मेहुण्याने कपाळावर हात मारला. "हातातला करंडक गेला!" बायकोने उशी भिरकावली.

माळीबुवा उभे राहून टाळ्या वाजवत होते. "वा! वा गं पोरी!"

"दाजी, अहो आपण हरलो! डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तू चेंडू बघितलास? वाटेत कुठे हलला?"

"कुठे नाही हलला."

"मग!"

पडद्यावर हस्तांदोलनं झाली. मग तो हरलेला खेळाडू एकटाच मागे वळला आणि चेंडूच्या वाटेवर गुडघा टेकून बसला. त्याने टोपी काढली आणि गवतावरून बोटं फिरवू लागला. आपल्याला दगा देणारं काहीतरी इथे असणारच, अशी त्याची खात्री असावी. कॅमेरा इतका जवळ गेला की पातं न् पातं मोजता यावं. बोटं कालच्या जागेवरून पुढे गेली, परत आली, पुन्हा पुढे गेली.

"शोध बाबा, शोध," माळीबुवा म्हणाले. "एकतीस वर्षांत मलाही असा बसवता आला नाही. तुला काय सापडणार?"