दोनशे दहाव्या पानावरचा डॉक्टर

तुरीदने पत्र मनातल्या मनात वाचलं आणि घडी घालून पुन्हा पाकिटात सरकवलं.

"कुणाचं?" हाल्वरने विचारलं.

तो खिडकीपाशी खाडीकडे तोंड करून बसला होता. खाडी त्याला दिसत नव्हती. दोन वर्षांपासून तो ज्याकडे बघायला जाई, तेच नेमकं डोळ्यातल्या डागाआड जायचं. कडेकडेचं तेवढं हाती लागायचं. घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गावच्या साप्ताहिकाच्या संपादकाला तर नाहीच नाही. दर शुक्रवारी तिथे हाल्वरचं 'वाचलेलं, पाहिलेलं' छापून यायचं, त्याला एकवीस वर्षं झाली. आयुष्य फेरीबोटीच्या इंजिनाशी गेलेला माणूस, पण 'एकशेचाळीस पानं बर्फ पडतो, मग कुठे एक माणूस पडतो' किंवा 'नायिका चांगली आहे, फक्त मरायला फार वेळ घेते' असं तो बेधडक लिहून टाकी आणि गाव ते मानी. हे सदर गेलं असतं तर त्याच्याकडे नुसती ही खिडकी उरली असती.

"बोर्गहिल्डचं," तुरीद म्हणाली. "शाळेत शिकवायची ती."

"ईस्टरच्या पुस्तकांबद्दल असणार. वाच की."

ईस्टरच्या सुट्टीत गाव डोंगरातल्या लाकडी घरांवर जातं, ते स्की, संत्री आणि खुनाच्या कादंबऱ्या घेऊन. कोणता खून बरोबर न्यायचा हे हाल्वर सांगतो. त्यापायी फेब्रुवारीपासून तुरीदने त्याला अकरा खून मोठ्याने वाचून दाखवले होते. वर टीव्हीवरचे रविवारचे जुने मूकपट होतेच. मूकपटात पियानोखेरीज ऐकायला काही नसतं. तेव्हा 'आता तो जिना चढतोय, आता तिने पडदा सरकवला' हे सगळं तिनेच बोलायचं. मध्ये एकदा तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सिनेमा संपला होता. तिने नायकाला एका जहाजात बसवून दिलं आणि कॉफी करायला उठली. असं न बोलता निघून जाणं आजच्या सिनेमांना जमत नाही, असं हाल्वरने त्यावर लिहवून घेतलं. तक्रार कुणाची आली नाही, कारण तो सिनेमा गावात दुसऱ्या कुणी पाहिलाच नव्हता.

"वाचतेस ना?"

'तुमच्यामुळे आमचा ईस्टर छान गेला,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण खोटं रचायलाही अंगात त्राण लागतं. सकाळपासून तिने हवामान वाचलं होतं, निधनवार्ता वाचल्या होत्या, त्याच्या औषधांवरच्या सूचना वाचल्या होत्या. ती दमून गेली होती. तिने पत्र पुन्हा बाहेर काढलं.

"'प्रिय हाल्वर, खुनी कोण ते फोडायचं नाही, ही आपली रीत. तुम्ही नाव घेतलं नाहीत, पण हे पुस्तक वाचल्यावर डॉक्टरकडे जाताना जरा जपून, असं लिहिलंत. आम्ही समजायचं ते समजलो. आमच्या घरात सातही जणांनी डॉक्टरचंच नाव घेतलं. तुमचा डॉक्टर दोनशे दहाव्या पानावर होडीघरात मरून पडतो. खुनी दुसराच आहे. खरं सांगा, तुम्ही पुस्तक वाचलंत का? या पत्राची प्रत संपादकांना पाठवली आहे.'"

हाल्वरने खिडकीकडून तोंड वळवलं.

"डॉक्टर मरतो?"

"हो."

"मला तर तू त्याचा कबुलीजबाब वाचून दाखवलास. रडला होता तो."

"मी रडवला." तुरीदने चष्मा काढून डोळे चोळले. "त्या आठवड्यातलं ते तिसरं पुस्तक होतं, हाल्वर. ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. अजून नव्वद पानं उरली होती. म्हटलं, डॉक्टर हाताशी आहे, त्यालाच अडकवावा."

"मला सांगायचंस. थांबलो असतो."

"तू म्हणाला असतास, फक्त हे प्रकरण संपव."

तो तसं म्हणाला असता, आणि त्या आधी पुष्कळदा म्हणालाही होता.

"कागद घे," तो शेवटी म्हणाला. "शुक्रवारच्या आत खुलासा गेला पाहिजे. लिही. मला दोन वर्षांपासून वाचता येत नाही. बायको वाचून दाखवते."

तुरीदची पेन्सिल थांबली. "हे छापून आलं तर सदर काढून घेतील."

"घेऊ देत. लिहिलंस?"

"लिहिलं."

"आता पुस्तकाचं. तू ते पुढे वाचलंस का?"

"वाचनालयात परत करायच्या आधी वाचलं. बाकावर बसून, मनातल्या मनात. तुझा लेख तोवर गेला होता." तिला ती दुपार आठवली. ओठ न हलवता किती तरी दिवसांनी ती वाचत होती.

"मग खुनी कोण?"

"बायको."

"कुणाची?"

"जो पहिला मेला त्याची. नवरा आजारी होता. सात वर्षं तिने त्याचं सगळं केलं. डॉक्टरला संशय आला म्हणून मग डॉक्टरही."

"पण नवऱ्याला का मारलं? वारसाहक्क? दुसरा कुणी?"

"तसलं काही नाही. दमली होती."

स्वयंपाकघरात बटाट्यांचं पाणी उतू जात होतं. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"खुन्याचं नाव लिहू नकोस," हाल्वर म्हणाला. "फक्त एवढंच लिही. खुनाचं कारण पटण्यासारखं आहे."